तोंडवळा बरोबर, साल चुकीचं: एका अंडरटेकर फिगरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे. त्याचं नाव इथे अजित ठेवलं आहे. विकणारा आणि बाकीची मंडळी कोण, हे कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनाक्रम तोच आहे. मी जुन्या फिगरांचं, म्हणजे कुस्तीगिरांच्या खेळण्यातल्या छोट्या पुतळ्यांचं, रंगकाम करतो. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून झाली, त्यामुळे ते लिहून काढणं माझ्याकडेच येतं.

अजित ४१ वर्षांचा आहे. मूळ गाव सांगलीजवळ, नोकरी पुण्यात. त्याचे वडील, आबा, तरुणपणी तालमीत होते आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोनदा उतरले होते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानाचं नाव आजही त्यांच्या बोलण्यात रोज येतं. अजितच्या लहानपणी घरात दोन कुस्त्या होत्या. एक आबांची, मातीतली. दुसरी शेजारच्या घरी केबलवर दिसणारी, अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफची. दुसरीतली माणसं त्याला आधी ट्रम्प कार्डांवरून माहीत झाली. उंची, वजन, छाती, दंड असे आकडे आणि वर एक छोटा फोटो. त्या फोटोवरून ओळखलेला चेहरा मग पडद्यावर शोधायचा.

त्याचा माणूस अंडरटेकर. नोव्हेंबर १९९० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमात तो पहिल्यांदा आला तेव्हा अजित सात वर्षांचा होता, त्यामुळे त्या वेळचं त्याने काहीच पाहिलेलं नाही. त्याच्या मनात बसलेला अंडरटेकर १९९४-९५ चा आहे. आधीच्या लढतीत हरून काही महिने गायब झालेला, मग २९ ऑगस्ट १९९४ ला शिकागोच्या समरस्लॅममध्ये परतलेला, जांभळ्या हातमोज्यांचा. त्या रात्री त्याची लढत त्याच्याच वेशातल्या दुसऱ्या माणसाशी होती. तोतया राखाडी हातमोज्यांत आणि खरा जांभळ्या. आमच्या शाळेत तेव्हा अंडरटेकरला सात जन्म असतात अशी पक्की खात्री होती आणि जांभळे हातमोजे हा त्याचा पुरावा होता.

अजितच्या कपाटात आज साठेक फिगर आहेत आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या आहेत. त्याची मांडणी कंपन्यांप्रमाणे नाही, त्या माणसाच्या वयाप्रमाणे आहे. आधी पांढराफटक, डोळ्यांखाली काळं फासलेला, राखाडी हातमोज्यांचा. मग जांभळा. मग १९९५ च्या अखेरीला डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्यावर लावलेला मुखवटा. पुढे काळे केस आणि हनुवटीवरची दाढी. २००० सालचा मोटरसायकलवाला. २००४ च्या रेसलमेनियात पुन्हा टोपी-कोट घालून आलेला. शेवटी आखूड केसांचा, थकलेला. एकाच माणसाचं तीस वर्षांचं म्हातारपण काचेमागे एका ओळीत उभं आहे. मला हा संग्रह फार आवडतो. बहुतेक लोक माणसं गोळा करतात, अजित एका माणसाची वर्षं गोळा करतो.

फिगरांचे चेहरे कसे बदलत गेले हेही त्या ओळीत दिसतं. हॅस्ब्रो कंपनीच्या १९९० ते १९९४ मधल्या साडेचार इंची फिगरांचे चेहरे व्यंगचित्रासारखे होते. मोठी हनुवटी, ठळक भुवया, कुणी कुणाला चुकून ओळखणार नाही असे. पुढे जॅक्स पॅसिफिकने कुस्तीगिरांचे चेहरे स्कॅन करून साचे बनवायला घेतले. २०१० पासून हे काम मॅटेलकडे आलं आणि काही वर्षांनी चेहरा हाताने किंवा ठशाने रंगवण्याऐवजी डिजिटल छपाई सुरू झाली. भिंग लावलं की त्या छपाईचे बारीक ठिपके दिसतात. त्यामुळे आज फिगर हातात घेतली की आपण आपोआप फोटोसारखा चेहरा मागतो. आमच्या मंडळींची तोंडवळा तपासायची सवय याच काळात लागली.

खरेदी

जांभळ्या हातमोज्यांची, आजच्या धाटणीची, भरपूर सांध्यांची फिगर अजितकडे नव्हती. ओळीत तिथे मोकळी जागा होती.

नवीन मिळणं अवघड होतं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह बंधनकारक झालं. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी तो नियम योग्यच आहे, पण अजितला बाहेरचा माल आणून देणाऱ्या छोट्या दुकानदाराने त्यानंतर हा व्यवहार बंद केला. म्हणून तो संग्राहकांकडून सुटी, म्हणजे डब्याबाहेर काढलेली फिगर घ्यायला लागला.

एप्रिलमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडे ती सापडली. टोपी, कोट, हातमोजे सगळं होतं. किंमत ३,८०० रुपये. फोटो चार होते, चारही समोरून आणि टोपी घातलेले. अजितने दुसऱ्या कोनातून फोटो मागितले नाहीत. ती आपल्याआधी दुसरा कुणी नेईल अशी धास्ती होती.

अडचण

मे महिन्यात आम्ही पाच जण माझ्या घरी बसलो होतो. महिन्यातून एकदा बसतो, नवीन आलेलं काढून दाखवतो. अजितने टोपी काढून फिगर टेबलावर ठेवली.

चौघांचं मत एकच पडलं. इतका चांगला अंडरटेकरचा चेहरा क्वचित पाहायला मिळतो. भुवईचं हाड पुढे आलेलं, त्याखाली डोळे आत गेलेले, गालांत खळगे, लांबट जबडा. एकाने फोनवर खऱ्या अंडरटेकरचा फोटो शोधून शेजारी ठेवला आणि चेहरा त्याच्याशी जुळला. फोटो २००९ च्या आसपासचा होता, पण त्या वेळी त्या सालाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

अजित एकटा गप्प होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “चांगला आहे रे. पण हा तो नाही.”

“म्हणजे काय?”

“सांगता येत नाही. बघितलं की ओळख पटत नाही.”

आम्ही त्याची समजूत घातली. लहानपणी पाहिलेला माणूस आठवणीत मोठा होतो, अमुक होतं, तमुक होतं. आज मला वाटतं की प्रकरण खरं तिथेच चुकलं. तीस वर्षं एकाच चेहऱ्याकडे पाहणारा माणूस “हा तो नाही” म्हणतो तेव्हा त्याच्याकडे कारण असतं. ते त्याला शब्दांत मांडता येत नाही, एवढंच. ते शोधायला मदत करण्याऐवजी आम्ही त्याला बहुमत दाखवलं.

पहिला निर्णय: डोळे

जून महिन्यात अजित फिगर घेऊन माझ्याकडे आला. “तू बघ काय करता येतं.”

मी माझ्या पद्धतीने तपासलं. फिगरचा चेहरा बघताना दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात, ठेवण आणि रंग. ठेवण म्हणजे साचा, हाडाचा आकार. रंग म्हणजे डोळे, भुवया, ओठ, केसांची रेघ. यासाठी मी फोटो काढून तो कृष्णधवल करतो. रंग गेला की ठेवण उरते. फोटोही जवळून काढत नाही. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि चांगली फिगरही वाईट दिसते. दोन हात लांब उभं राहून झूम करायचं.

ठेवण उत्तम निघाली. मग माझं लक्ष डोळ्यांवर गेलं. डाव्या डोळ्याची बाहुली किंचित बाहेरच्या बाजूला होती. हा फरक आकड्यात सांगतो. अंडरटेकरची जाहीर उंची ६ फूट १० इंच, म्हणजे साधारण २०८ सेंटिमीटर. फिगर सतरा-साडेसतरा सेंटिमीटरची, म्हणजे साधारण बाराव्या हिश्श्याची. या मापात बाहुली अर्धा मिलिमीटर सरकली तर खऱ्या माणसाच्या डोळ्यात ती ६ मिलिमीटर सरकल्यासारखं होतं. असा माणूस आपल्याला तिरळा वाटेल. म्हणून फिगरचा चेहरा बिघडला की दहापैकी सात-आठ वेळा दोष बाहुलीत असतो, हा माझा अनुभव. त्या अनुभवावर मी निदान करून मोकळा झालो.

त्यातच अजित म्हणाला, “तेव्हा तो जास्त पांढरा दिसायचा.” तेही बरोबर होतं. सुरुवातीच्या काळात त्याचा चेहरा मेकअपने पांढराफटक असायचा. मी त्यातून काढलेला अर्थ असा, की रंग फिका करू आणि डोळ्यांखाली काळं भरू. त्याच वाक्याचा दुसरा अर्थ, हा चेहरा मुळात तेव्हाचा नाही, माझ्या डोक्यात आला नाही.

कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही डोळे पुसले. ॲसिटोन मी नव्या फिगरांना लावत नाही, ते प्लॅस्टिक खातं. दोन केसांच्या ब्रशने डोळे पुन्हा काढले. गालांवर पातळ पांढरट हात दिला, डोळ्यांखाली राखाडी सावली भरली. हनुवटीवरची दाढी छापलेली होती, तिच्यावरही फिका हात फिरवला. अजित म्हणाला होता की ती खटकते, आणि मला वाटलं ती फिकी केली की खटकणार नाही.

शेवटी मॅट वार्निशचा फवारा. तेव्हा जुलै लागला होता. पावसाळ्यात, हवा ओली असताना फवारा मारायचा नाही हे मला माहीत आहे, मी दुसऱ्यांना सांगतो. त्या दिवशी दोन तास उघडीप होती म्हणून मारला. सकाळी चेहऱ्यावर पांढरा धुरकट थर बसलेला, काच धूसर व्हावी तसा. चकचकीत वार्निशचा एक हात दिल्यावर तो बराच गेला, पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक डाग राहिला.

अजितला फिगर परत दिली. त्याने बघितली, आभार मानले आणि कपाटात ठेवली. महिन्याभराने कळलं की त्याने ती पाठमोरी ठेवली होती.

आबा

सप्टेंबरमध्ये गणपतीला अजित गावी गेला. जाताना ती एक फिगर सोबत घेतली. मुलाला दाखवायची होती, म्हणाला.

पुढचं अजितने मला त्याच रात्री फोनवर सांगितलं आणि नंतर गावी गेलो तेव्हा आबांकडूनही ऐकलं. आबा ओसरीवर बसले होते. नातवाच्या हातातून त्यांनी फिगर घेतली, टोपी काढली, अंगठ्याने तिची मान मागे-पुढे केली. अंडरटेकर त्यांना नावाने ठाऊक होता, चेहऱ्याने नाही. त्यांनी चेहरा बघितलाच नाही. आबा पैलवानाकडे बघतात ते कान, मान आणि खांदा. त्यांच्या तालमीतल्या जुन्या फोटोंत ते माणसं अशीच ओळखतात, मोडलेल्या कानावरून आणि मानेच्या जाडीवरून.

“ह्ये डोस्कं ह्या धडाचं न्हाई बघ.”

“कशावरनं, आबा?”

“आरं, खांदं बघ की. तिशीच्या आतल्या गड्याचं हाईत. आन् गळा चाळिशी वलांडलेल्या माणसाचा. शिरा सुटल्यात. आसं कुटं आसतंय व्हय?”

अजित म्हणतो की त्याला तेव्हा अंगावर काटा आला. मे महिन्यापासून त्याला जे सांगता येत नव्हतं ते आबांनी एका वाक्यात सांगितलं होतं. १९६५ चा जन्म, म्हणजे समरस्लॅमच्या वेळी अंडरटेकर एकोणतीस वर्षांचा. धड त्या अंडरटेकरचं होतं. डोकं पंधरा वर्षांनी मोठ्या अंडरटेकरचं.

काय आढळलं

पुण्यात आल्यावर आम्ही डोकं काढलं. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरलं की मऊ प्लॅस्टिक सैल होतं आणि डोकं धडावरच्या गोळ्यावरून, म्हणजे गोल सांध्यावरून, ओढून काढता येतं. ते निघालं तेव्हा मानेच्या गोळ्याभोवती प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप दिसली. डोकं सैल बसत होतं म्हणून कुणीतरी गुंडाळलेली, अगदी नीट, तीन वेढे.

या फिगरमध्ये गळा डोक्याच्या तुकड्यालाच जोडलेला असतो, म्हणून आबांना तो परका दिसला. मग एकेक गोष्ट दिसत गेली. दंडाचा रंग फिका होता. चेहऱ्याचा मूळ रंग, गळ्याच्या खाली मी ब्रश न लावलेल्या जागेत, उन्हात तापलेल्या कातडीसारखा तांबूस तपकिरी होता. केस कुळकुळीत काळे. १९९४ च्या फोटोंत केसांना तांबूस छटा आहे. आणि दाढी! जांभळ्या हातमोज्यांच्या त्या सुरुवातीच्या काळात त्याचा चेहरा गुळगुळीत होता. अजितला ती का खटकत होती हे विचारायचं सोडून मी ती फिकी करत बसलो होतो.

अंगावर छापलेलं सालही बघितलं. त्यावर फार विसंबता येत नाही, कारण ते बहुधा साच्याचं साल असतं आणि एकच साचा कंपन्या वर्षानुवर्षं वापरतात. पण धड आणि डोकं एका जागचं नाही, हे बाकीच्या खुणांवरून नक्की झालं.

म्हणजे आम्ही चौघं बरोबर होतो. तोंडवळा खरंच उत्तम होता. अजितही बरोबर होता. आम्ही विचारत होतो, हा अंडरटेकर दिसतो का? तो विचारत होता, हा माझा अंडरटेकर आहे का? तोंडवळा कुठल्या सालाशी जुळवायचा हे आधी ठरवलं नाही, तर गुण देण्याला अर्थ उरत नाही.

पर्याय

आता काय करायचं यावर आम्ही दोन आठवडे बोलत होतो.

परत करणं हा सरळ मार्ग होता. अजितने विक्रेत्याला फोन केला. त्याला हे माहीत नव्हतं असं आम्हा दोघांनाही वाटलं. त्याने बारा फिगर एकत्र घेतल्या होत्या आणि ही त्यातलीच. तो म्हणाला, पाठवून द्या, पूर्ण पैसे परत करतो. इथे माझी जूनमधली चूक आडवी आली. ते डोकं बदललेलं असलं तरी कारखान्यातून आलेलं, हात न लागलेलं होतं. मी त्याला हात लावला होता. आता परत करायचं म्हणजे मिळालं त्यापेक्षा बिघडलेलं परत करायचं. अजितने विक्रेत्याला सगळं सांगितलं, रंगकामासकट, आणि परत पाठवणार नाही म्हणाला. विक्रेत्याने आपणहून १,२०० रुपये परत केले. दोघं अजून एकमेकांशी व्यवहार करतात.

दुसरा मार्ग होता रेझिनचं, त्रिमितीय छपाईने केलेलं डोकं मागवायचा. असे चेहरे कारागीर करतात आणि काही कारखान्यापेक्षाही सरस असतात. मला तो पर्याय दोन कारणांनी नको होता. रेझिन कडक असतं, मऊ प्लॅस्टिकसारखं गोळ्यावर बसत नाही, जोर लावला की तडा जातो. दुसरं म्हणजे यातले बरेचसे विनापरवाना असतात. अजितच्या ओळीत प्रत्येक फिगर ज्या त्या काळात बाजारात आली तशी आहे. तिथे घरी छापलेलं डोकं त्याला नको होतं. आमच्यातल्या एकाला हे पटलं नाही. त्याच्या मते चेहरा जुळला की कुठून आला ते बघू नये. त्याचा संग्रह त्याच्या मतासारखा आहे आणि तोही सुंदर आहे.

मी स्वतः सुचवलेला पर्याय होता याच डोक्यावर आणखी काम करायचा. दाढी पूर्ण पुसायची, केसांना तांबूस हात द्यायचा, गळ्याच्या शिरा घासून काढायच्या. अजित शांतपणे म्हणाला, “चाळिशीच्या माणसाला तिशीचा करायचा? त्याच्यापेक्षा तिशीचा शोधू.” मी लगेच गप्प बसलो. कामाची खुमखुमी आणि दुरुस्तीची गरज यांत मी त्या वेळी फरक करत नव्हतो.

जशी आहे तशी ठेवून खाली चिठ्ठी लिहायची, हा पर्यायही होता. अजितला आठवडाभर तेच योग्य वाटत होतं. पण पाठमोरी ठेवलेली फिगर ओळीत ठेवून उपयोग काय?

काय केलं

जांभळ्या हातमोज्यांचीच, पण मोडलेली फिगर शोधायची असं ठरलं. हे सुचलं अजितला. संग्राहक मोडकी फिगर घेत नाहीत, त्यामुळे ती स्वस्त असते, आणि गुडघा मोडला म्हणून डोकं बिघडत नाही. नोव्हेंबरमध्ये एक मिळाली. डावा गुडघा निखळलेला, कोट नाही, एक हातमोजा चावलेला. ९०० रुपये. या वेळी अजितने सहा फोटो मागितले. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, टोपीशिवाय, आणि एक मान पूर्ण मागे टाकून, म्हणजे गळा आणि छातीचा सांधा दिसेल असा. गळ्याचा आणि दंडाचा रंग एकच होता.

डोकं बदलायला पाच मिनिटं लागली. टेप लागली नाही. टक् आवाज आला आणि ते बसलं.

काढलेल्या डोक्यावरचं माझं रंगकाम मी उतरवलं. वार्निश, पांढरा हात, डोळे, सगळं. माझ्या बोळ्याखाली मूळ छापील दाढीही थोडी विरळ झाली आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातला डाग पूर्ण गेला नाही. डोळे मी पुन्हा काढले, या वेळी २००९ चे फोटो समोर ठेवून.

परिणाम

डिसेंबरच्या बैठकीत दोन्ही डोकी टेबलावर होती. नवीन बसवलेला, योग्य सालाचा चेहरा तोंडवळ्याच्या दृष्टीने कमी सरस आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जबडा थोडा गुळगुळीत आहे, नाक बुटकं. मी गुण दिले तर पहिल्याला नऊ आणि याला सात देईन. आमच्यातल्या दोघांना अजून पहिलंच डोकं बरं वाटतं आणि त्यांचंही बरोबर आहे.

अजितने फिगरला टोपी घातली, कोट चढवला, टेबलाच्या कडेला उभी केली आणि चार पावलं मागे गेला. टोपीच्या सावलीत डोळे जवळजवळ दिसेनासे झाले. पांढरा गाल, तांबूस केस आणि जांभळे हातमोजे तेवढे उरले. शेजारच्या घरातल्या वीस इंची टीव्हीवर दिसायचा तेवढाच. १९९४ च्या तोतयाचं सगळं सोंगही याच वस्तूंवर उभं होतं, टोपी, कोट, केस, हातमोजे. अंडरटेकरचा तोंडवळा निम्मा कापडात आहे, आणि आम्ही टोपी काढून, भिंग लावून तो शोधत होतो.

“हा तो,” अजित म्हणाला.

पुन्हा वेळ आली तर

खरेदीच्या वेळी मान आणि छातीचा सांधा दिसेल असा फोटो मागायचाच. सुटी फिगर असेल तर टोपीशिवाय. देणारा नाही म्हणाला तर थांबायचं. एप्रिलमध्ये हा एक फोटो आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तुलनेसाठी फोटो निवडताना त्यावर साल लिहून ठेवायचं. आम्ही आता प्रत्येक काळाचे तीन-तीन फोटो ठेवले आहेत, एक शांत चेहऱ्याचा, एक ओरडतानाचा, एक बाजूने. डोळे वर फिरवलेल्या चेहऱ्याची तुलना शांत फोटोशी करून फिगर वाईट ठरवायची, हेही आम्ही पूर्वी केलेलं आहे.

माझ्यासाठी बदल मोठा आहे. मूळ रंग पुसण्याआधी आता मी डोकं काढून बघतो, सांधा बघतो, आणि आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो: तुला नेमकं काय खटकतं, एक-एक सांग. अजितने जूनमध्ये दोन गोष्टी सांगितल्या होत्या, पांढरेपणा आणि दाढी. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मी त्या दोन वेगळ्या दुरुस्त्या म्हणून वहीत लिहून घेतल्या. जुलै-ऑगस्टमध्ये वार्निश मारणंही बंद केलं आहे, उघडीप असो वा नसो.

एका गोष्टीवर अजित आणि माझं अजून एकमत नाही. मला वाटतं, विक्रेत्याने पूर्ण पैसे देऊ केले तेव्हा सगळं सांगून परत पाठवायला हवी होती. ते डोकं दुरुस्त करून योग्य धडावर बसवणं हा त्याचा हक्क होता. अजित म्हणतो, बिघडवलं आपण, तर सांभाळायचंही आपण.

ते डोकं सध्या त्याच्याच कपाटात आहे, २००९ च्या जागेवर, एका जुन्या धडावर नीट बसवलेलं. ती जागा आधी रिकामी नव्हती. तिथली फिगर त्याने मला दिली. फिगरच्या स्टँडखाली त्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: “डोकं दुसऱ्या फिगरचं. डोळे हाताने काढलेले. डाव्या डोळ्याला डाग आहे. विकायचं झाल्यास आधी सांगणे.” त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: “ओळखलं आबांनी.”